गावाकडचं जुनं घर नेमकं कुठं होतं? शोधायचा क्रम, लागणारे कागद आणि नेहमी होणाऱ्या चुका

"आमचं मूळ घर त्या गावात होतं म्हणतात, पण नेमकं कुठं ते आता कुणालाच माहीत नाही." असं सांगणारे खूप जण असतात आणि बहुतेकांचं घोडं दोनच ठिकाणी अडतं. काहीजण सुट्टी काढून थेट गाव गाठतात, देवळापाशी बसलेल्या दोघा म्हाताऱ्यांना विचारतात, कुणीतरी एका पडक्या जोत्याकडे बोट दाखवतं, मग फोटो, व्हॉट्सॅप ग्रुप, सगळं होतं आणि सहा महिन्यांनी कळतं की ते चुलत घराण्याचं जोतं होतं, किंवा गावच दुसरं होतं. बाकीचे ऑनलाइन ७/१२ काढतात, त्यात घर दिसत नाही, आणि "रेकॉर्डच नाही" म्हणून विषय सोडून देतात. रेकॉर्ड बहुतेक वेळा असतं, पण आपण चुकीच्या दप्तरात बघत असतो.

खाली लिहिलंय ते महाराष्ट्रातल्या घरांपुरतं. क्रम असा: घरातले कागद, मग गाव नक्की करणं, मग नावं, मग शेतीचे उतारे, मग गावठाणातलं घर, मग नकाशा, आणि सगळ्यात शेवटी गावाची फेरी. हा क्रम मोडू नका. आजच्या कागदापासून एकेक कडी जोडत मागे जायचं. पणजोबांच्या नावापासून पुढे यायला बघाल तर त्या नावाचे चार पणजोबा भेटतील.

## १. आधी ठरवा, कुणाचं आणि कधीचं घर शोधताय

"आमच्या घराण्याचं घर" एवढ्यावर काही सापडत नाही. एक माणूस पकडा आणि साधारण काळ पकडा. उदा. "आईचे आजोबा, साधारण १९३० ते १९५०, गाव सोडून मुंबईला गेले त्याच्या आधीचं घर." एकाच कुटुंबाची गावात दोन-तीन घरं असू शकतात, वाटण्या झाल्या की नवं घर बांधलं जातं, म्हणून काळ ठरवल्याशिवाय कागद हातात आला तरी तो आपल्या कामाचा की नाही ते सांगता येत नाही.

मग घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोला. यात लोक एक चूक हमखास करतात, ती म्हणजे साल विचारणं. "गाव कोणत्या साली सोडलं?" याचं उत्तर अंदाजपंचे येतं. त्यापेक्षा घटना विचारा: प्लेगच्या आधी की नंतर, मानमोडीच्या साथीत (म्हणजे १९१८) कोण गेलं, रझाकारांच्या धामधुमीत गावात होतात का, गांधीवधानंतरच्या जाळपोळीत घर वाचलं का, पानशेतचा पूर आला तेव्हा कुठं होतात, ७२ च्या दुष्काळात गावी कोण होतं. लोकांना साल आठवत नाही पण संकट आठवतं, आणि संकटाचं साल आपल्याला माहीत असतं.

कागदांमध्ये हे शोधा: जुनं रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, लग्नपत्रिका (खाली "मु. पो. ता. जि." असतं), मनीऑर्डरची पावती, जुनी पोस्टकार्डं, भाडेपावत्या, कर भरल्याच्या पावत्या, कोर्टाचे कागद, आणि जातीच्या दाखल्यासाठी कुणी फाइल केली असेल तर ती अख्खी फाइल. ही शेवटची फाइल सोन्यासारखी असते. जात पडताळणीसाठी चुलत्यांपैकी कुणीतरी आधीच जुने उतारे आणि वंशावळ गोळा केलेली असते, आणि बाकीच्या घराला त्याचा पत्ताही नसतो. भावकीत फोन फिरवून विचारा.

तपासा: तुमच्या वहीत आता एक माणूस, एक काळ, निदान एक लिखित कागद आणि सांगणाऱ्यांची नावं तारखेसह आहेत का? नसतील तर पुढे जाऊ नका.

## २. गाव नक्की करा (सगळ्यात जास्त वेळ इथंच वाया जातो)

वडगाव, पिंपळगाव, पिंपरी, सावरगाव या नावांची गावं जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. त्यात बुद्रुक आणि खुर्द. जुन्या कागदात "बु॥" किंवा "खु॥" असं छोटंसं लिहिलेलं असतं, आपण ते वाचतच नाही आणि शेजारच्याच गावात महिनाभर शोधत बसतो. दोन्ही गावांची दप्तरं पूर्णपणे वेगळी.

आडनावावरून गाव ठरवू नका. "कर" लागलेलं आडनाव कधीतरीच्या गावाचं असतं, त्यानंतर घराणं दोनदा हललेलं असू शकतं. कुलदैवताचं गाव म्हणजे मूळ गाव हेही धरून चालू नका.

पुढचा घोळ जिल्ह्यांचा. कागदावर त्या वेळचा जिल्हा असतो आणि आपण आजच्या जिल्ह्यात शोधतो. काही नेहमी लागणाऱ्या गोष्टी:

- कुलाबा म्हणजे आताचं रायगड. दक्षिण सातारा म्हणजे सांगली. पश्चिम खानदेश म्हणजे धुळे (नंदुरबार १९९८ मध्ये त्यातूनच निघालं), पूर्व खानदेश म्हणजे जळगाव. चांदा म्हणजे चंद्रपूर.
- सिंधुदुर्ग १९८१ च्या आधी रत्नागिरीत. जालना १९८१ च्या आधी औरंगाबादेत (थोडा भाग परभणीत). लातूर १९८२ च्या आधी उस्मानाबादेत. गडचिरोली १९८२ च्या आधी चंद्रपुरात. वाशिम १९९८ च्या आधी अकोल्यात. हिंगोली १९९९ च्या आधी परभणीत, गोंदिया भंडाऱ्यात. पालघर २०१४ च्या आधी ठाण्यात.
- छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर ही नावं अलीकडची, जुने कागद जुन्या नावानं शोधायचे.
- तालुकेही फुटलेत, १९९९ मध्ये बरेच नवे झाले. जुन्या कागदात "पेटा" किंवा "महाल" दिसलं तर तो तालुक्याखालचा भाग समजा.

त्याहून मागे गेलात तर राज्यच बदलतं. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, विदर्भ तेव्हापर्यंत मध्य प्रदेशात, आणि पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात कोल्हापूर, सांगली, मिरज, औंध, फलटण, भोर, सावंतवाडी अशी संस्थानं १९४८-४९ मध्ये विलीन होईपर्यंत स्वतःची दप्तरं ठेवून होती. आटपाडी औंध संस्थानात होतं, त्यामुळे तिथला १९४० चा कागद ब्रिटिश मुलखाच्या दप्तरात मिळणारच नाही. तुमचं गाव कुठल्या मुलखात होतं हे आधी बघितलं तर अर्ध्या फेऱ्या वाचतात.

गाव नक्की करायला जनगणनेची जिल्हा पुस्तिका वापरा, त्यात तालुकावार सगळी गावं असतात आणि जुन्या जनगणनांच्या पुस्तिका ऑनलाइन आहेत. जुनी वस्ती कुठं होती ते बघायला १९५० च्या दशकातले अमेरिकन लष्कराचे १:२,५०,००० चे भारताचे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयानं फुकट ठेवलेत. घर दिसणार नाही, पण गाव, नदी आणि रस्ता यांचं नातं कळतं.

तपासा: गावाचं पूर्ण नाव, बु./खु., आजचा तालुका-जिल्हा, त्या काळचा तालुका-जिल्हा आणि तेव्हाचं राज्य किंवा संस्थान. पाचही रकाने भरा.

## ३. नाव कसं लिहिलेलं असेल त्याची यादी करा

जुन्या उताऱ्यात आजच्यासारखं नाव-वडील-आडनाव सरळ नसतं. "राणू बिन भिकू", "सखाराम वलद गणू" म्हणजे भिकूचा राणू, गणूचा सखाराम. बाईच्या नावात "कोम", "भ्रतार" किंवा "मर्द" आलं की पुढचं नाव नवऱ्याचं. आडनाव कित्येकदा लिहिलेलंच नसतं, किंवा हुद्दा लिहिलेला असतो, पाटील, कुलकर्णी, चौगुले, सुतार. म्हणून फक्त आडनावानं शोधलं की हाती शून्य.

प्रत्येक पूर्वजाची सगळी शक्य रूपं लिहून काढा: ज्ञानेश्वर, ज्ञानू, ग्यानबा. रामचंद्र, रामा, रामू. पाळण्यातलं नाव वेगळं असेल तर तेही. दत्तक गेलेला माणूस असेल तर दोन्ही बापांची नावं, नाहीतर तिथं साखळी तुटते आणि कारण कळत नाही.

अजून एक बारीक गोष्ट. उताऱ्यावर नावापुढे "ए.कु.मॅ." असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे तुमचे आजोबा त्याचे धाकटे भाऊ असतील तर त्यांचं नाव उताऱ्यावर येणारच नाही. "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता, मालक वयानं लहान आहे आणि दुसरं कुणीतरी त्याच्यासाठी बघतंय. ही दोन अक्षरं न कळल्यामुळे लोक "आमचं नावच नाही" म्हणून परत येतात.

## ४. आधी शेत शोधा

शोधायचंय घर आणि मी शेत सांगतोय, याचं कारण साधं आहे. शेतीचा कागद एका माणसाकडून दुसऱ्याकडे सलग नोंदवत आलेला असतो, घराचा तसा नसतो. शेतावरून माणसांची साखळी पक्की होते आणि मग त्या माणसांच्या नावानं घर शोधता येतं.

महाभूलेख या ७/१२ च्या सरकारी संकेतस्थळावर गाव निवडून आडनावानं किंवा पहिल्या नावानं शोधा. भावकीतल्या सगळ्यांचे गट नंबर लिहून घ्या, फक्त आपल्या घराचे नाही. नावाजवळ फेरफार नंबर असतो, आणि जुन्या फेरफारांची यादी उताऱ्याच्या खालच्या भागात असते. हे नंबरच खरे कामाचे. फेरफार म्हणजे नाव का बदललं त्याची नोंद: वारस, खरेदी, वाटणी, बोजा, कूळ.

वारसाचा फेरफार शांतपणे वाचा, साधारण असा मजकूर असतो: "अमुक बिन तमुक हे अमक्या तारखेस मयत, वारस मुलगे १, २, ३, विधवा पत्नी, विवाहित मुली, रा. मुंबई". एवढ्या चार ओळींत मृत्यूची तारीख, भावंडांचा क्रम, मुली कुठं दिल्या आणि कोण गाव सोडून गेलं होतं हे सगळं मिळतं. मग त्यातल्या मयत माणसाचं नाव आधीच्या कुठल्या फेरफारानं लागलं ते बघा, मग त्याच्या आधीचं. असं मागे मागे जात राहायचं.

मध्ये दोन अडथळे येतातच. पहिला, एकत्रीकरण. १९४७ च्या कायद्यानंतर कित्येक गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, त्यामुळे आजच्या गट नंबरनं १९४० चा कागद सापडत नाही. भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाच्या तक्त्याची नक्कल घ्या, त्यात जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट नंबर समोरासमोर असतात. दुसरा, कूळकायदा, म्हणजे जमीन कसणाऱ्या कुळाला मालक करणारा कायदा. पश्चिम महाराष्ट्रात १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन, त्यानंतर गावाबाहेर राहणाऱ्या बऱ्याच मालकांची नावं जाऊन कुळांची लागली. तुमचं नाव तिथं एकदम गायब झालं तर घाबरू नका, तो फेरफार वाचा.

जुने हस्तलिखित उतारे आणि फेरफार स्कॅन करून "आपले अभिलेख" या सरकारी पोर्टलवर टाकलेत, सगळीकडचे नाहीत, आधी तिथं बघा. नसेल तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करायचा. अर्जात "आमच्या पूर्वजांचे सर्व कागद द्यावेत" असं लिहिलं की तो अर्ज पडूनच राहतो. लिहायचं असं: "मौजे अमुक, ता. अमुक, सर्व्हे नं. अमुक, सन १९३० ते १९६० चे ७/१२ आणि फेरफार क्र. अमुक, अमुक यांच्या नकला." गाव, नंबर, साल, कागदाचा प्रकार. चारही असले तर शोधणाऱ्याला दप्तर काढता येतं. उत्तरच येत नसेल तर माहितीचा अधिकार, १० रुपयांचा अर्ज, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, पण पहिल्याच दिवशी हे हत्यार काढू नका, समोरचा माणूस मदत करत असेल तर तो आखडतो.

७/१२ च्या मागच्या काळासाठी कडई पत्रक, सूडपत्रक, कब्जेदार पत्रक अशी नावं विचारा. मराठवाड्यात १९५४-५५ चं खासरा पत्रक आणि सेतवार, विदर्भात १९५४-५५ चा अधिकार अभिलेख. निजामकाळातले कागद उर्दूत आणि साल फसली, त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतो, म्हणजे फसली १३५० म्हणजे १९४०-४१. शके असेल तर ७८ मिळवा. मोडीतला कागद असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या आणि मूळ कागदाचा फोटो सोबत ठेवा, एकट्या लिप्यंतरावर विसंबू नका, कारण मोडीत नावं चुकीची लागणं फार सोपं आहे.

इशारा: एकाच नावाची दोन माणसं एकाच गावात एकाच काळात असतात. बापाचं नाव आणि निदान एक भाऊ किंवा वारस जुळल्याशिवाय "सापडला" म्हणू नका.

## ५. आता घर: गावठाणाची दप्तरं वेगळी

इथं नीट लक्ष द्या. गावठाणातलं घर ७/१२ वर नसतं. ७/१२ शेतजमिनीचा. घरासाठी तीन दरवाजे आहेत आणि तिन्ही ठोठावायचे.

मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड). जिथं सिटी सर्व्हे किंवा गावठाण भूमापन झालंय तिथं ही मिळते, शहरात आणि मोठ्या गावात. पूर्वी साधारण २००० च्या वर वस्ती असलेल्या गावांचं गावठाण मोजलं जायचं, लहान गावांचं राहून गेलं होतं, ते आता स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजतायत. त्यामुळे लहान गावात मिळकत पत्रिका असली तरी ती अगदी नवी, तिच्यात जुनी नावं शोधू नका. जुन्या सर्व्हेच्या पत्रिकेवर मात्र "हक्काचा मूळ धारक" असा रकाना असतो, आपल्याला तोच हवा. आणि तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात त्या सर्व्हेच्या वेळची चौकशी नोंदवही मागा. लोक पत्रिका घेऊन निघून जातात, नोंदवही मागतच नाहीत. त्या वेळी घर कुणाच्या ताब्यात होतं, हक्क कसा आला, कुणी काय पुरावा दिला, हे तिच्यात असतं.

ग्रामपंचायतीचा नमुना ८. घरपट्टीची कर आकारणी नोंदवही. आकारणी दर चार वर्षांनी नव्यानं होते आणि तेव्हा घर नंबर बदलू शकतात. म्हणजे १९६५ चा घर नं. ४७ आणि आजचा ४७ हे एकच घर असेल असं अजिबात नाही. जुन्या नंबरवरून घर दाखवणाऱ्याचं ऐकू नका. नोंदवह्या ओळीनं वाचा, आपल्या नावाच्या वरची तीन आणि खालची तीन नावं लिहून घ्या, कारण आकारणी आळीनं चालत केलेली असते, नंबर बदलले तरी शेजार बराचसा तोच राहतो. नगरपालिका असेल तर तिथलं असेसमेंट रजिस्टर, पद्धत हीच.

दस्त. घर विकलं, गहाण टाकलं, बक्षीस दिलं किंवा वाटणीपत्र नोंदवलं असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात त्याची नोंद असते. ऑनलाइन ई-सर्च मुंबईसाठी १९८५ पासून आणि बाकी महाराष्ट्रासाठी २००२ पासूनचं दाखवतो, त्याआधीचं कार्यालयात सूची बघून शोधायचं. सूची १ नावावरून, सूची २ मिळकतीवरून. स्थावर मिळकतीच्या दस्तांच्या या सूच्या फी भरून कुणीही बघू शकतो, तुम्ही मालक असायची गरज नाही.

दस्तात सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे चतुःसीमा. समजा १९३८ च्या गहाणखतात लिहिलंय: "गावठाणातील पाच खणी माडीचे घर, पूर्वेस सरकारी रस्ता, पश्चिमेस धोंडी सुतार याचे घर, दक्षिणेस मारुतीचे देवालय, उत्तरेस बोळ." आता आपलं नाव विसरा आणि सुताराला शोधा. चौकशी नोंदवहीत आणि नमुना ८ मध्ये धोंडी सुतार किंवा त्याचे वारस कुठं आहेत ते बघा. ते घर सापडलं की आपलं घर त्याच्या पूर्वेला, देवळाच्या उत्तरेला, रस्त्याला लागून. तुमचं कुटुंब गाव सोडून गेलं, पण शेजारी गेला नसेल, आणि देऊळ तर कुठं जात नाही. "सरकारी रस्ता" कधीकधी रुंद केलेला असतो आणि "बोळ" बांधकामात गिळलेला, तेवढं डोक्यात ठेवा.

खण हाही पुरावा आहे. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण, म्हणून पाच खणी घरात एका ओळीत सहा खांब. घर पडलं तरी खांबाखालचे दगडी तळखडे बऱ्याचदा जागेवर राहतात. पुढे प्रत्यक्ष जाल तेव्हा मोजा.

कोकणात हे सगळं थोडं वेगळं. तिथं घरं वाडीवाडीत, सर्व्हे नंबरातच असतात, म्हणून घराचा माग ७/१२ च्या इतर हक्कांच्या रकान्यातही लागू शकतो, हिस्सा नंबर काळजीपूर्वक बघा. आणि खोतीचं गाव (जिथं सारा वसूल करणारा वतनदार खोत असायचा) असेल तर १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्याच्या आधीच्या कागदांत जमीन खोताच्या नावावर दिसेल, तुमच्या पूर्वजाच्या नाही.

## ६. नकाशावर बसवा

सिटी सर्व्हे झालेला असेल तर त्या शीटची नक्कल घ्या, घर कुठं ते थेट दिसतं. नसेल तर गाव नकाशा आणि भू-नकाशा पोर्टल, पण त्यात गावठाण एका कोऱ्या तुकड्यासारखं दिसतं, आतली घरं नसतात. अशा वेळी स्वतः कच्चा नकाशा काढा: देऊळ, पार, बारव, ओढा, वेस, हे न हलणारे बिंदू आधी टाका, मग चतुःसीमेतले शेजारी, मग नमुना ८ मधला आळीचा क्रम. नंतर तोच गूगल अर्थवर ठेवून जुन्या वर्षांच्या सॅटेलाइट फोटोंशी ताडा.

तपासा: तीन वेगळ्या प्रकारचे पुरावे एकाच जागेकडे बोट दाखवतायत का? दोन माणसांनी सांगितलेली तीच गोष्ट म्हणजे दोन पुरावे नव्हेत, एकानं दुसऱ्याकडून ऐकलेली असते.

## ७. आता गावात जा

जाण्याआधी गावातल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला किंवा पोलीस पाटलांना कळवा आणि पहिल्याच वाक्यात सांगा की मालमत्तेसाठी आलेलो नाही, फक्त पूर्वजांचं घर बघायचंय. हे सांगितलं नाही तर लोक तुम्हाला दावा लावायला आलेला वारस समजतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही, असे दावे लागतात. हातात उताऱ्यांची जाड फाइल घेऊन आळीतून फिरू नका. कच्चा नकाशा पुरे. आणि हेही सांगून ठेवतो, जुन्या कागदावर आजोबांचं नाव आहे म्हणजे आज आपला हक्क आहे असं होत नाही. तो वेगळा विषय, वकिलाचा.

विचारायची पद्धत महत्त्वाची. "आमचं घर इथंच होतं ना?" असं विचारलं की माणूस भिडेनं हो म्हणतो. "या आळीत पूर्वी कोण कोण राहायचं, देवळापासून सांगा" असं विचारा आणि गप्प बसा. त्यांनी क्रमानं घरं सांगताना तुमच्या यादीतले शेजारी आले की समजायचं, आठवण खरी आहे. गुरव, निवृत्त शिक्षक, जुने पोस्टमन, ज्यांचं घरोघरी जाणं-येणं होतं त्यांना गाठा. आणि गावातल्याच घरी दिलेल्या म्हाताऱ्या लेकींना जरूर विचारा, त्यांना आळी न् आळी पाठ असते पण त्यांना कुणी विचारत नाही. रेकॉर्डिंग करायचं तर आधी परवानगी घ्या.

जागेवर बघायचं: जोत्याची लांबी-रुंदी, तळखडे, आड, वृंदावन, दाराची दिशा, देवळापासूनचं अंतर. दुसऱ्या कुणाचं घर उभं असेल तर आत शिरायचा आग्रह नको, बोलावलं तर जा. गावातल्या शाळेत जनरल रजिस्टर बघायला मिळालं तर पूर्वजाची किंवा त्याच्या भावंडांची जन्मतारीख आणि पालकाचं नाव मिळतं. आणि तहसीलला गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुक, म्हणजे जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी, विचारून ठेवा.

## ८. साखळी तुटली तर

गावच उठलं किंवा बुडालं. कोयना, उजनी, जायकवाडी अशा धरणांखाली गेलेल्या गावांसाठी भूसंपादनाचा निवाडा शोधा, जिल्हाधिकारी कार्यालयात भूसंपादन किंवा पुनर्वसन शाखेत. घराची भरपाई दिली असेल तर घरमालकाचं नाव आणि घराचं वर्णन त्यात येतं. पुनर्वसित गाव त्याच नावानं दुसरीकडे वसलेलं असतं, त्याला मूळ गाव समजू नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीच्या भागातही तेच झालं, जुनं गाव आणि नवं गाव वेगळ्या जागी. पुण्यात नदीकाठचा वाडा असेल तर १२ जुलै १९६१ च्या पुराआधीचे आणि नंतरचे असेसमेंटचे कागद वेगवेगळे काढा.

मुंबईची चाळ. भाडेकरूचं नाव मिळकतीच्या कागदावर नसतं. भाडेपावती, रेशनकार्ड, मतदार यादी, शाळेचा दाखला, गिरणीचे कागद यावरून चाळीचं नाव आणि खोली नंबर मिळवा, मग इमारत शोधा. जमिनीच्या मोजणीचा नंबर शहरात सी. एस. नंबर म्हणून चालतो, उपनगरात सी. टी. एस. नंबर म्हणून, त्यांची गल्लत करू नका.

कागदच नाहीत. तीर्थोपाध्यायांच्या वह्या बघा. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पैठण, पंढरपूर, काशी-गया, जिथं घरातलं कुणी क्रियाकर्माला गेलं असेल तिथल्या उपाध्यांकडे घराण्याची नावं, गाव आणि आलेल्या माणसांच्या सह्या असू शकतात. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी समाजाचे लोक वंशावळ सांगतात, त्यांच्याकडे पिढ्यांची नावं आणि कोण कुठून कुठं गेलं हे असतं. ही माहिती दिशा दाखवायला उत्तम, पण ताडून घ्या, पिढ्या गाळल्या जातात. इनामदार, वतनदार घराणं असेल तर पुणे पुराभिलेखागारात इनाम कमिशनचे कागद आहेत, कोल्हापूर संस्थानाचं दप्तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात.

## ९. लिहून ठेवताना

प्रत्येक विधानापुढे एक शब्द टाका: नक्की, बहुधा किंवा ऐकीव. "१९३८ मध्ये घर देवळाच्या उत्तरेला, नक्की, गहाणखत क्र. अमुक." "घर १९४८ नंतर पडलं, ऐकीव, मावशी." कागदाचं नाव, नंबर, साल, कुठल्या कार्यालयातून आणि कधी घेतला, हे नकलेच्या मागेच पेन्सिलनं लिहा. जे शोधलं आणि सापडलं नाही तेही लिहा, "१९४० ते १९५० सूची १ पाहिली, नाव नाही", नाहीतर दोन वर्षांनी पुतण्या पुन्हा तेच दप्तर उपसत बसेल. स्कॅनची एक प्रत भावकीतल्या दुसऱ्या कुणाकडे ठेवा, आणि जिवंत माणसांची नावं, पत्ते, गट नंबर असलेली फाइल उघड्यावर टाकू नका.